बांगड्यांच्या आवाजाला येणारं कुत्रं

आमच्या आळीत उभं राहून कुणी कुत्र्याला हाक मारून दाखवावी, मी त्याचे पाय धरीन. कसब्यातली तांबट आळी ती. सकाळी पेशव्यांच्या वाड्यावरचा चौघडा थांबला की आमच्याकडचे हातोडे सुरू होत, ते थेट दिवेलागणीपर्यंत. दोन्ही अंगांच्या दुकानांतून हंडे, घागरी, तपेली ठोकली जात. श्रावणात तर बघायलाच नको. पेशव्यांची दक्षिणा घ्यायला कुठकुठचे ब्राह्मण पुण्यात उतरत आणि परत जाताना प्रत्येकाला पुण्याचा तांब्या हवा असे. आळीतली निम्मी माणसं चाळिशीतच बहिरी होत. उरलेली निम्मी बायको बोलायला लागली की होत. आमचे हे दोन्हींत मोडायचे.

ते कुत्रं आमच्याकडे आलं तेव्हा पिल्लू होतं. ओसरीवर पालथ्या घातलेल्या एका मोठ्या हंड्याखाली शिरून बसलं होतं. ह्यांनी हंड्यावर पहिला हातोडा घातला आणि हंडाच केकाटला. हे दोन हात मागे उडाले. मी इतकी हसले, इतकी हसले, की शेजारीण काय झालं ते बघायला आली. त्या हसण्यापायीच ते घरात राहिलं. रंग न घासलेल्या तांब्याचा, एक कान उभा, एक पडलेला. नाव मात्र आम्ही ठेवलं नाही. हे म्हणाले, नाव ठेवलं की ते घरचं होतं; राहू दे आळीचं म्हणून. मला ते फार पटलं. लाड करायला आपलं, आणि काही निस्तरायची वेळ आली की आळीचं. असलं मालकपण सोयीचं असतं.

आता नाव नाही, आणि हाक मारावी तर हातोड्यांत ऐकू जात नाही. मग त्याला जेवायला बोलवायचं कसं? ते त्याचं त्यानंच शोधून काढलं. मी ताकात भाकरी कुस्करायला बसले की हातातल्या बांगड्या किणकिणत. तो बारीक आवाज माणसाला ऐकू येत नसे, पण त्या उभ्या कानाला बरोबर कळे. आळीच्या टोकाला असलं तरी धावत येई आणि माझ्या हातांत तोंड घाली. मला गंमत वाटली. मग मी भाकरी नसतानाही हात हलवून बघायला लागले. आलं की एखादा तुकडा द्यायचा. हौदावर पाणी भरायला आलेल्या बायकांना मी मोठ्या ऐटीत म्हणायची, बघा हं आता. हात हलवायचा, की आलंच. बायका म्हणत, तांबटीणबाई, तुमचं कुत्रं म्हणजे अगदी शहाणं हो. आणि मी नाक वर करून घागर उचलायची. तेव्हा ते कुत्रं माझं होतं.

आमच्या आळीला बांगड्या भरायला एक कासारीण यायची. माझ्याच वयाची, हडकुळी, कमी बोलणारी. तिचा नवरा फौजेमागून जाणाऱ्या बाजाराबरोबर उत्तरेत गेला होता तो दोन पावसाळे परतला नव्हता. घरात म्हातारी सासू, आणि चूल चालायची ती हिच्या हातांवर. पण हात कसले होते. डाव्या हातानं आपला पंजा दाबायची, उजव्या हाताच्या अंगठ्यानं बांगडी अशी सरकवायची, की आपण बोलता बोलता खाली बघावं तर मनगट भरलेलं. तिच्या हातून कधी बांगडी वाढली नाही. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि सणाला ती वाढू नये म्हणून बायकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्यामुळे कसब्यात आणि बुधवारात तिची घरं ठरलेली होती. घर ठरलेलं असलं तरी एक गोष्ट होती. एका सणाला जर दुसऱ्याच्या हातनं बांगड्या भरल्या गेल्या, तर ते घर त्या दुसऱ्याचं होई. मग पुढल्या सणाला आपण नुसतं दारावरून जायचं.

श्रावण लागला त्याच दिवशी ती आली. नागपंचमी चार दिवसांवर, आणि तिचं सगळं फिरणं त्या चार दिवसांत. मी आत हात धूत होते. ती ओसरीवर बसली, खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा उतरवल्या आणि टोपलीत ठेवल्या. सगळ्या माळा एकदम किणकिणल्या. आता विचार करा, दोन हातांची किणकिण म्हणजे एक भाकरी, एवढंच ज्याला ठाऊक, त्याला शंभर हातांचा आवाज आला तर काय वाटेल? ते बिचारं कुठून तरी बाणासारखं आलं आणि टोपलीत तोंड खुपसलं. बांगड्या चिरडतील म्हणून कासारणीनं हात मधे घातला आणि त्याला मागे ढकललं. आपल्या तोंडचा घास कुणी काढून घेतंय असं त्याला वाटलं असेल. त्यानं तो हातच धरला. उजवा. अंगठ्याच्या मुळाशी.

मी बाहेर आले तर ओसरीवर रक्त, आणि ती दुसऱ्या हातानं मनगट आवळून बसलेली. ओरडली नव्हती. खरं सांगायचं तर मला आधी तिची कीव आली नाही. आधी मनात आलं, की आता हे माझ्या अंगाशी येणार. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर, अगं बाई, कुणाचं हो हे कुत्रं? शेजारीण तिच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी पदर सारखा करायला लागले.

वैद्य आले. त्यांनी कुत्र्यापुढे पाण्याची वाटी ठेवली. ते चटचट पाणी प्यालं आणि वैद्यांचाच हात चाटायला निघालं. पिसाळलेलं नाही, तरी पंधरवडाभर बांधून लक्ष ठेवा, असं सांगून त्यांनी जखम कढत पाण्यानं धुतली, हळद भरली आणि हात बांधून टाकला. अंगठा महिनाभर हलवायचा नाही म्हणाले. कासारणीनं एवढंच विचारलं, की पंचमीपर्यंत नाही का बरा होणार? वैद्यांनी आपला बटवा बांधायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीची मोठी माणसं देवळात बसली. आळीत सगळ्यांत वडील एक आजोबा होते, साफ बहिरे. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं ते ओरडून आणि ते बोलायचे तेही ओरडून. खासगी असं काही राहायचंच नाही. त्यांनी विचारलं, कुत्रं कुणाचं? मी डोक्यावरून पदर घेऊन खांबाशी बसले होते. दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून. कालपासून मी हात हलवला नव्हता, स्वयंपाकसुद्धा एखादी चोरी करावी तसा केला होता. मी म्हटलं, कुणाचंच नाही आजोबा, आळीचं आहे. आमच्या ओसरीला बसतं एवढंच. त्याला नावसुद्धा नाही. आमचे हे शेजारीच बसले होते. ते छताकडे बघत होते.

आजोबा म्हणाले, कुणाचंच नसेल तर कोतवालाच्या चावडीवर कळवू, शिपाई येऊन घेऊन जातील. शिपाई कुत्रं घेऊन जातात ते परत आणत नाहीत, हे कुणाला माहीत नव्हतं? पण तरी तोंड उघडेना. माझं म्हटलं असतं तर त्या हाताचंही काहीतरी माझं झालं असतं.

तेव्हा कासारीण पहिल्यांदा बोलली. बांधलेला हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडेच बघत होती. रात्रभर तिनं त्या कुत्र्याचा विचार केला असावा. ते तिच्याकडे आलं नव्हतं, टोपलीकडे आलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

"तांबटीणबाई," ती म्हणाली, "जरा हात हलवा."

मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, सहज. सगळे बघायला लागले. आजोबा ओरडले, काय म्हणते ती? कुणीतरी त्यांच्या कानात ओरडलं, हात हलवा म्हणते. मग ते माझ्यावर ओरडले, हलवा की मग. मी तरी काय करते? पदरातून एक हात काढला आणि अगदी एवढासा, एवढासा हलवला. देवळाच्या मागून दोरीसकट ते कुत्रं आलं. मागे ज्या खुंटीला बांधलं होतं ती खुंटीही बरोबर घेऊन आलं. सगळ्या पंचांना ओलांडून माझ्या मांडीशी येऊन बसलं आणि तोंड वासून शेपटीनं जमीन झाडायला लागलं.

आळी हसली ती हसलीच. आजोबांना तर ठसका लागला. आमचे हे छताकडून मान खाली घेऊन म्हणाले, नाव नाही त्याला, पण पत्ता चांगला ठाऊक आहे. कासारीण मात्र हसली नाही. तिचे डोळे भरले होते. मी तिच्याकडे बघितलं आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

आजोबांनी निकाल ओरडून सांगितला. कुत्रं साखळीनं बांधायचं, साखळी ह्यांनी घडवायची. आणि कासारणीचा हात बरा होईतो माझा हात तिचा. ती नेईल त्या घरी जायचं, सांगेल तशा बांगड्या भरायच्या.

आता मी तांबटाची बायको. माझे हात राखेनं आणि चिंचेनं हंडे घासणारे. कासारणीनं पहिल्या दिवशी मला तिच्या सासूच्या हातावर शिकवलं. म्हातारी बिचारी दुपारभर हात पुढे करून बसली. बांगडी निवडायची कासारणीनं, तिच्या डाव्या हाताचा स्पर्श झाल्याशिवाय ती चढवायची नाही, म्हणजे भरणारी तीच राहिली. दाबायचं आणि सरकवायचं मी. मी दाबलं की म्हातारी देवाचं नाव घेई. पहिल्याच घरी माझ्या हातून इतक्या बांगड्या वाढल्या, की घरच्या सुनेनं डोळे मिटून घेतले, आणि तिच्या सासूबाई मला अगदी शांतपणे म्हणाल्या, बाई, आपण बांगड्या भरायला आलात की कणीक तिंबायला? घरी आल्यावर ह्यांनी माझे चिरलेले हात बघितले आणि म्हणाले, कल्हई लावून देऊ का? असं माणूस.

कासारीण रागावत नसे, तेच मला जास्त लागे. वाटेत सांगे, हाडावर जोर द्यायचा नाही. अंगठ्याखालचा मांसल भाग आत वळवायचा. घाई केली की बाई हात आखडते, ती आखडली की बांगडी गेली. तिच्याशी बोलायचं, माहेरचं विचारायचं, हात आपोआप सैल पडतो. बोलायचं म्हटल्यावर माझं काम सोपं झालं. तिसऱ्या घरापासून बायकांचे हात सैल पडायला लागले, आणि बाहेर पडताना कुणाकुणाच्या माहेरची भांडणं मला पाठ झालेली असत. कासारीण एकदा ओठ दाबून हसली. म्हणाली, मी दहा वर्षं येते, मला कुणी एवढं सांगितलं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

घरी मात्र कुत्र्याची दुसरी शाळा सुरू होती. भाकरी आता हे घालायचे, बांगड्या नसलेल्या हातांनी, न बोलता. मी त्याच्या जवळ जाताना मनगटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची. मग मुद्दाम लांबून बांगड्या वाजवायच्या आणि काही द्यायचं नाही. पहिले काही दिवस ते साखळीला असे हिसके देई की खांब हलेल. मी तिकडे बघायचंसुद्धा नाही, असा नेम केला होता. ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघे, ती अजून आठवते. लबाडी मी शिकवली आणि उपास त्याला.

पंचमीच्या आदल्या दिवशी बुधवारात तिचं सगळ्यांत मोठं घर होतं. पेशव्यांच्या दफ्तरात, फडावर बसणाऱ्या एका कारकुनाचं, सुना-लेकींनी भरलेलं. आम्ही पायरी चढलो तर पडवीत बुधवारातलाच एक कासार टोपली उघडून बसलेला. कासारणीचा हात मोडला असं त्यांना कळलं होतं. घरची बाई म्हणाली, उद्या सण, आम्ही वाट किती बघायची? कासारणीनं खांद्यावरच्या माळा एका हातानं सावरल्या आणि उतरायला वळली. हे घर गेलं तर मागोमाग बाकीची जाणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी वाटेत आडवी उभी राहिले. म्हटलं, अहो, हात मोडलेला नाही, कुत्रं चावलंय, महिन्यात बरा होईल. तोवर मी आहे. त्या बाईनं विचारलं, कुणाचं कुत्रं? आणि ऐका माझा निलाजरेपणा. मी म्हटलं, आमच्या आळीतलं. कासारणीनं माझ्याकडे बघितलं नाही. पायातल्या वहाणेकडे बघत राहिली.

आतून त्या घरच्या आजीबाई काठी टेकत आल्या. सांधे सुजलेले, बोटं वाकडी झालेली. त्या पाटावर बसल्या, हात माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, माझ्या हातात चारही न वाढता गेल्या तर बाकीच्या हिच्याकडूनच भरतील. एक जरी वाढली तरी आपण आपल्या घरी. बुधवारातला कासार टोपलीवर हात ठेवून बघत बसला.

कासारीण माझ्या मागे बसली. तिनं बांगड्या निवडल्या, डाव्या हातानं एकेक माझ्या बोटांत दिली आणि माझ्या पाठीला आपला बांधलेला हात टेकवून ठेवला. मी जोर केला की ती पाठीवर दाबायची, तेवढी खूण मला पुरायची. मी आजीबाईंना त्यांचं माहेर विचारलं. त्या वाईच्या. कृष्णेचा घाट सांगायला लागल्या. घाटाच्या पायऱ्या उतरता उतरता पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी सांध्यावर अडली, माझ्या कपाळावरून घाम नाकावर आला, पाठीवर दाब पडला, मी थांबले, आजीबाई नदीच्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या, आणि तिसरीही गेली. चौथीला त्यांनी बोटं आखडलीच नाहीत, तीही गेली. बुधवारातला कासार उठला, टोपली उचलली आणि जाता जाता मला म्हणाला, आपलं दुकान कुठं? तेवढा मान मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. त्या दिवशी त्या घरातले सगळे हात आम्ही दोघींनी भरले. तिची सगळी घरं राहिली.

गौरी झाल्या, तिचा हात उघडला. जखम भरली होती. आजोबांनी ओरडून जाहीर केलं, की माझी शिक्षा संपली. आळीला वाटलं संपली, मलाही वाटलं.

घटस्थापनेच्या आधी ती आमच्याकडे आली. एकटी. ती येणार म्हणून मी कुत्र्याला साखळी घातली होती. तिनं माळा उतरवल्या, सगळ्या किणकिणल्या. कुत्र्यानं उभा कान हलवला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पायांवर डोकं ठेवून दिलं. मी अभिमानानं तिच्याकडे बघितलं. तीही बघत होती. मग तिनं माझा हात हातात घेतला. पहिली बांगडी गेली, दुसरी गेली, आणि तिसरी माझ्या सांध्यावर वाढली.

तिनं काचा ओंजळीत घेतल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या हातून पहिल्यांदाच वाढली होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चुकलं माझं. अंगठा आता पुरता वळत नाही."

मला रडूच आलं. मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, कुत्रं माझं आहे. पण हातोड्यांच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. तिनं मान वाकडी करून कान पुढे केला. मी परत म्हटलं, तरी नाही. मग मी ओसरीवर उभी राहिले आणि आजोबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "कुत्रं माझं आहे!"

ह्यांचा हातोडा थांबला. शेजारचा थांबला. समोरच्या दुकानातून माना बाहेर आल्या. हे कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, मग आता नाव ठेवायला हरकत नाही.

कासारीण हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी चांगली खळखळून हसली. मी खाली बसले, माझ्या दुसऱ्या हातानं माझाच पंजा दाबून धरला, आणि तिनं वाकड्या अंगठ्यानं चौथी बांगडी सरकवली. ती गेली. मी विचारलं, उद्या कुठली घरं आहेत? ती म्हणाली, तुमचं तर संपलं ना? मी म्हटलं, ते आजोबांचं संपलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत मी तिच्या दारात उभी होते.